सुई घोड्याला, राखण कोणाची?

सॅन वाकीन खोरं, कॅलिफोर्निया, १९३०

दिवे विझवा आणि मोटार रस्ता सोडून झाडीत घ्या. इंजीन बंद. आज रात्री तुम्ही ड्रायव्हर आहात. शेजारी बसलेत ते कार्ल फ्रीडरिश मायर: जन्माने स्विस, शिक्षणाने पशुवैद्य, सॅन फ्रान्सिस्कोतल्या हूपर फाउंडेशनचे संचालक. तरुणपणी दक्षिण आफ्रिकेत आर्नल्ड टायलर यांच्या हाताखाली जनावरांच्या साथी बघून आलेला माणूस. समोर मर्सेड भागातलं एक शेतघर आहे आणि दोघांची नजर त्याच्या एका खिडकीवर आहे. तिथला पडदा खाली आला की उतरायचं.

आलात ते एका आजारी घोड्यासाठी. दिवसा तुम्ही त्याला जवळून पाहिलंत. कपाळ खांबाला टेकवून तो खांबच ढकलत होता. खालचा ओठ लोंबत होता, तोंडात घेतलेलं गवत चावायचं राहून गेलं होतं. पुढे हाकलला तर सरळ चालायचं सोडून एकाच अंगाला गोल फिरायचा, मागचे पाय एकमेकांत अडकायचे. आता आज-उद्या आडवा पडेल आणि पडल्या पडल्या पाय झाडत राहील. खोऱ्यातल्या प्रत्येक शेतकऱ्याला हे चित्र पाठ झालंय. कोणी म्हणतं बुरशीचा चारा पोटात गेला, कोणी म्हणतं विषबाधा. या हंगामात इथली सुमारे ६,००० घोडी आणि खेचरं आजारी पडली आणि त्यांतली जवळपास निम्मी मेली. ट्रॅक्टर अजून सगळ्यांच्या दारात आलेला नाही. नांगराला जुंपायचं जनावर ऐन कामात पडलं तर त्या वर्षाचं शेतकऱ्याचं काय होतं, हे तुम्हाला वेगळं सांगायला नको.

मायरना संशय आहे तो विषाणूचा. पण पुरावा मिळत नाही. मेलेल्या घोड्याचा मेंदू प्रयोगशाळेत पोचेपर्यंत खोऱ्यातल्या उष्म्यात सडून गेलेला असतो. हवा आहे तो नुकत्याच आजारी पडलेल्या घोड्याचा ताजा मेंदू. इथल्या मालकाने साफ नकार दिला: घोडा आपल्या मरणाने मरेल, हात लावायचा नाही. मग मायरनी त्याच्या बायकोला गाठलं आणि वीस डॉलर देऊ केले. मंदीचं वर्ष, वीस डॉलर म्हणजे थोडेथोडके नव्हेत. नवरा झोपला की खिडकीचा पडदा ओढायचा, असं ठरलं.

पडदा खाली आला. चला.

पुढच्या अर्ध्या तासाचं वर्णन करायला नको. एवढंच सांगायचं, की परतीच्या वाटेवर मोटारीत घोड्याचं मुंडकं आहे आणि उजाडायच्या आत तुम्हाला सॅन फ्रान्सिस्को गाठायचंय. मायर हा किस्सा पुढे म्हातारपणापर्यंत रंगवून सांगत. पण त्या मुंडक्यातून जे निघालं ते किश्शापेक्षा मोठं होतं. मेंदूचा अर्क जंतू अडवणाऱ्या गाळणीतून गाळला आणि प्रयोगशाळेतल्या प्राण्यांना टोचला, तर तेही तसेच आजारी पडले. म्हणजे जंतूहून बारीक काहीतरी, विषाणू. मायर, हेरिंग आणि बिअ‍ॅट्रिस हॉविट या तिघांचा शोधनिबंध १९३१ साली ‘सायन्स’मध्ये आला. या विषाणूला पुढे पश्चिमी अश्व-मेंदूज्वराचा विषाणू म्हणू लागले.

तुमच्या मानेवर मघापासून डास बसतायत. मारा. मायरना त्यांचाही संशय आहे, पण सिद्ध व्हायला तीन वर्षं लागतील. १९३३मध्ये अमेरिकी लष्कराचे पशुवैद्य रेमंड केल्सर हा आजार डासांमार्फत पोचवून दाखवतील. १९४१मध्ये हॅमन आणि रीव्हज वॉशिंग्टन राज्यातल्या याकिमा खोऱ्यात खरा गुन्हेगार पकडतील: क्युलेक्स टार्सालिस, पाटाच्या पाण्यावर पोसणारा डास. विषाणूचं मूळ घर पक्ष्यांत आहे. डास पक्ष्याचं रक्त पितो, मग दुसऱ्या पक्ष्याचं. घोडा आणि माणूस मध्येच कुठेतरी सापडतात. घोड्याच्या रक्तात हा विषाणू इतका विरळ असतो, की त्याला चावलेला डास बहुधा कोरडाच परततो. विषाणूच्या दृष्टीने घोडा म्हणजे पुढे रस्ता नसलेली गल्ली.

हे लक्षात ठेवा. पुढच्या थांब्यांवर सगळं यावरच अडणार आहे.

लस-प्रयोगशाळा, १९३८

हात कोपरापर्यंत धुवा, तोंडावर फडकं बांधा. खोली अंधारी ठेवली आहे, कारण तुम्हाला अंडी तपासायची आहेत. अंडं दिव्यासमोर धरा. कवचाआड लाल शिरांचं जाळं दिसतंय आणि मधे हलणारा काळा ठिपका. हे जिवंत. ज्यात शिरा नाहीत ते बाजूला.

आता कवचाला आयोडीन लावा, बारीक भोक पाडा, सुईने विषाणूचा थेंब आत सोडा, भोक मेणाने बंद करा आणि अंडं उबवणीच्या कपाटात परत ठेवा. उद्या याच वेळी आतला गर्भ मेलेला असेल आणि त्याच्या कणाकणात विषाणू ठासून भरलेला असेल. गर्भ काढायचे, वाटायचे, फॉर्मॅलिन घालून विषाणू मारायचा. मेला तरी त्याचं रूप शाबूत राहतं आणि घोड्याचं शरीर ते रूप ओळखायला शिकतं.

अंड्यात विषाणू वाढवण्याची ही वाट १९३१ साली व्हँडरबिल्ट विद्यापीठात अ‍ॅलिस वुड्रफ आणि अर्नेस्ट गुडपाश्चर यांनी दाखवली. मेंदूज्वराच्या लसीसाठी ती वापरात येण्याआधी लस घोड्याच्याच मेंदूपासून करत. एक घोडा मारून हाती येणार त्या थोड्या मात्रा, त्याही बेभरवशाच्या. शिवाय परक्या मेंदूचा गर टोचल्यावर काही जनावरांना वेगळाच त्रास व्हायचा. अंड्यांनी ही अडचण मोडून काढली. जोसेफ बिअर्ड, राल्फ वायकॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९३८मध्ये अंड्यातल्या गर्भापासून केलेली लस जाहीर केली. कोंबडी सगळीकडे आहे, अंडी स्वस्त आहेत आणि मात्रा हव्या तितक्या निघतात.

वेळेवर निघाली म्हणायची, कारण १९३८ हे अमेरिकेतल्या घोड्यांसाठी भयंकर वर्ष ठरलं. देशभरात पावणेदोन लाखांहून अधिक घोडी आणि खेचरं मेंदूज्वराने आजारी पडली. पशुवैद्य मोटारीत बाटल्या भरून गावोगाव फिरतायत: एक मात्रा आज, दुसरी साधारण आठवड्याने. मालक सुईला फारशी कुरकुर करत नाहीत. नांगर चालायला हवा, एवढा साधा हिशेब आहे.

याच उन्हाळ्याच्या शेवटी मॅसॅच्युसेट्समध्ये एक नवी गोष्ट घडते. तिथला आजार थोडा वेगळ्या विषाणूचा, पूर्वीय अश्व-मेंदूज्वराचा. १९३३ साली टेन ब्रोक आणि मेरिल यांनी वेगळा काढलेला हा विषाणू पश्चिमेच्या भावापेक्षा फार क्रूर आहे; त्याने आजारी पडलेल्या घोड्यांपैकी क्वचितच एखादा वाचतो. दलदलीच्या कडेच्या तबेल्यांत आधी घोडे पडले. मग मुलं. ३४ माणसांना हा आजार झाला आणि त्यांतली बहुतेक दगावली. मेलेल्या मुलांच्या मेंदूत घोड्यांचाच विषाणू सापडला. त्याच वर्षी कॅलिफोर्नियात बिअ‍ॅट्रिस हॉविट यांना एका मुलाच्या मेंदूत पश्चिमी विषाणू मिळाला.

तुमच्या हातात अजून अंडं आहे. शेजारचा तंत्रज्ञ वर न बघता विचारतो, “म्हणजे घोड्यांना टोचलं की पोरं वाचतील?”

उत्तर नाही असं आहे. मॅसॅच्युसेट्समधल्या मुलांना आजार घोड्यांकडून आलाच नव्हता. दलदलीतल्या पक्ष्यांकडून डासांमार्फत घोड्यांना मिळाला, तसाच मुलांनाही मिळाला. घोडे आधी पडले कारण ते रात्रंदिवस उघड्यावर असतात, त्यांच्या अंगाला डास जास्त लागतात. त्यांनी इशारा दिला, आजार दिला नाही. सगळे घोडे टोचून झाले असते तरी ती मुलं वाचली नसती. इथली सुई घोड्यापुरती आहे.

ब्राउन्सव्हिलजवळ, टेक्सास, जुलै १९७१

टोपी घाला, ऊन मरणाचं आहे. मोहरकी घट्ट धरा आणि घोडीच्या खांद्याजवळ उभे राहा, समोर नको. रिओ ग्रांदे नदी इथून जवळच आहे, पलीकडे मेक्सिको. आजचं तुमचं काम म्हणजे पशुवैद्य डॉक्टरांसाठी घोडे धरून ठेवणं. धुळीच्या मैदानात रांग लागली आहे: रँचवरची तगडी जनावरं, पोरांची तट्टं, म्हातारी खेचरं, दोन गाढवं. काही मालक ट्रकला ट्रेलर जोडून आलेत, काही दोर धरून चालत.

बर्फाच्या पेटीतून डॉक्टर बारीक बाटली काढतात. तळाला पांढरट वाळकी वडी आहे. त्यात द्रावण सोडून बाटली हलवतात, सुईत ओढतात. घोडीच्या मानेवर हात फिरवून जागा शोधतात, दोन बोटांनी कातडी उचलतात आणि सुई जाते. घोडीची कातडी थरथरते, एक पाय आपटला जातो, संपलं. ती सुई टाकायची, पुढच्या घोड्याला नवी. एकाच सुईने दुसराच एखादा रक्तातला आजार रांगभर वाटायचा नाही.

घोडीचा मालक कोपऱ्यातून विचारतो, “डॉक्टर, हिला ताप येईल म्हणालात. मग हे औषध आहे की आजार?”

“दोन्ही,” डॉक्टर म्हणतात. “पण आजार मापून दिलाय.”

खरं बोलले. बाटलीतला विषाणू जिवंत आहे. नाव टीसी-८३. त्याचा पूर्वज १९४३च्या सुमारास त्रिनिदादमध्ये मेलेल्या एका गाढवातून काढला. मेरीलँडमधल्या फोर्ट डेट्रिक या लष्करी केंद्रात तो गिनीपिगच्या गर्भाच्या हृदयपेशींमध्ये एका पिढीतून दुसरीत, असा ८३ वेळा वाढवला, तेव्हा तो मवाळ झाला. ही लस घोड्यांसाठी बनलीच नव्हती. त्या केंद्रात जैविक अस्त्रांसाठी याच विषाणूवर काम चालायचं आणि तिथल्या माणसांना चुकून लागण होऊ नये म्हणून ही लस तयार केली होती. आता सैन्याच्या शीतगृहातून ती टेक्सासच्या धुळीत उतरली आहे. घोड्यांसाठी तिला अजून नेहमीचा परवानाही नाही.

एवढी घाई का? कारण हा तिसरा भाऊ आहे, व्हेनेझुएलाचा अश्व-मेंदूज्वर, आणि याचा कायदा वेगळा आहे. १९६९ साली ग्वाटेमाला आणि एल साल्वादोरच्या सीमेवर तो उठला, मध्य अमेरिका पार करत १९७०मध्ये मेक्सिकोत शिरला आणि या उन्हाळ्यात नदी ओलांडून आला. पहिल्या दोन मेंदूज्वरांत घोड्याच्या रक्तात विषाणू जेमतेम सापडतो. यात घोड्याच्या रक्तात तो धो धो वाढतो. आजारी घोड्याला चावणारा प्रत्येक डास भरून उठतो आणि पुढच्या घोड्याला, पुढच्या माणसाला देतो. इथे घोडा म्हणजे बंद गल्ली नव्हे, तो कारखाना आहे. माणसांत बहुतेकांना कडक ताप आणि डोकेदुखी होऊन निभावतं, पण लहान मुलांचा मेंदू सापडला तर धोका असतो.

म्हणून १९३८चा हिशेब इथे उलटा होतो. घोडा टोचला की कारखाना बंद. घोड्याच्या मानेत जाणारी ही सुई खरं तर नदीकाठच्या पोरांसाठी आहे. केंद्र सरकारने आणीबाणी जाहीर केली आहे, टेक्सासमधून घोडे बाहेर न्यायला बंदी आहे आणि खर्च सरकार उचलतं आहे. इतर वेळी कोणाच्या पागेत लस टोचायची की नाही हा मालकाचा प्रश्न असता. आज तो सगळ्यांचा झाला आहे.

संध्याकाळी रांग संपते आणि विमानं येतात. खालून उडत कीटकनाशकाचा बारीक धूर सोडत जातात. किनारपट्टीच्या सुमारे ८० लाख एकरांवर अशी फवारणी होणार आहे. लसीला काम करायला काही दिवस लागतात, तोवर डास खाली आणायचे. वर्ष संपेपर्यंत एकोणीस राज्यांत सुमारे २८ लाख घोडे टोचून होतील. टेक्सासमध्ये दीड हजाराच्या आसपास घोडे मरतील आणि शंभरावर माणसं आजारी पडतील. त्यांतलं एकही माणूस दगावणार नाही. हिवाळ्याआधी साथ थांबेल आणि टेक्सासच्या पुढे जाणार नाही.

तुम्ही पुढच्या काळातून आला आहात, म्हणून तुम्हाला दोन गोष्टी माहीत आहेत ज्या डॉक्टरांना माहीत नाहीत.

पहिली: याच वर्षी लुइझियानात पकडलेल्या डासांमध्ये टीसी-८३ सापडणार आहे, म्हणजे लसीचा विषाणू टोचलेल्या घोड्यातून डासापर्यंत पोचलेला. त्याने साथ पसरवली नाही. पण पुढे शास्त्रज्ञांनी त्याची जनुकं वाचली तेव्हा दिसलं, की त्याचा मवाळपणा मुख्यतः दोनच बदलांवर टेकलेला आहे. घोडीच्या मालकाचा प्रश्न अडाणी नव्हता.

दुसरी गोष्ट जास्त टोचणारी आहे. ही साथ मुळात आली कुठून? तीसच्या दशकापासून लॅटिन अमेरिकेत घोड्यांना व्हेनेझुएलाच्या मेंदूज्वराची फॉर्मॅलिनने मारलेली लस देत. तीच पद्धत, जी तुम्ही मघाशी अंधाऱ्या खोलीत पाहिली. फॉर्मॅलिनने विषाणू पुरता मरेलच असं नसतं. पातेलं घासूनही विरजणाचा ठिपका राहिला तर सकाळी दही लागतंच, तसा एखाद्या खेपेत जिवंत अंश राहतो. दशकांनंतर शास्त्रज्ञांनी निरनिराळ्या साथींतले विषाणू शेजारी ठेवून बघितले, तर १९६९च्या साथीतला विषाणू कित्येक वर्षांपूर्वीच्या, लस बनवायला वापरलेल्या विषाणूंशी जवळजवळ जुळत होता. निसर्गात मोकळा फिरणारा विषाणू इतक्या वर्षांत बदलला असता. बहुधा अर्धवट मारलेल्या लसीतूनच साथी पुन्हा पुन्हा पेटत होत्या, असा त्यांचा निष्कर्ष आहे. त्याला आणखी एक बळकटी मिळते: मारलेल्या लसीची जागा टीसी-८३ने घेतली आणि १९७३नंतर विषाणूचा तो उपप्रकार पुन्हा सापडला नाही.

म्हणजे आग लावली बहुधा लसीनेच आणि विझवलीही लसीनेच. फरक होता तो लस कशी बनवली यात. लस दिली म्हणजे काम झालं, असं या आजारात कोणाला म्हणता येत नाही. कोणती दिली आणि ती किती नीट बनवली, यावर सगळं जातं.

मोहरकी सोडा. घोडीला आज रात्री थोडा ताप येईल, दाणा कमी खाईल. परवापर्यंत ठीक होईल.

ग्वाहिरा, कोलंबिया आणि व्हेनेझुएला, १९९५

इथे फार वेळ थांबायचं नाही, पण उतरून बघाच. कोरड्या प्रदेशात या वर्षी पाऊस पडला आहे आणि जिथे तिथे पाणी साचलं आहे. इथल्या मूळनिवासी वायू लोकांच्या वस्तीत गाढव हेच पाणी वाहणारं, ओझं नेणारं, माणसाला पाठीवर नेणारं जनावर. तुम्ही ज्या अंगणात उभे आहात तिथे एक गाढव दोन दिवसांपासून उठलेलं नाही. घरात आई झोपलेली, दोन मुलं झोपलेली, तिघांच्याही अंगात ताप आहे.

हाही व्हेनेझुएलाचाच मेंदूज्वर, पण विषाणूचा उपप्रकार दुसरा. मधल्या काळात मोठी साथ नव्हती. साथ नसली की लस ढिली पडते. बाटल्या येतात, शीतपेटी येत नाही. पेटी येते, तर आड वस्तीपर्यंत रस्ता नसतो. मग गाढवांची एक आख्खी पिढी न टोचलेली उभी राहते. त्यात हा पाऊस.

अंदाजे ७५,००० ते १ लाख माणसं आजारी पडली, सुमारे ३०० दगावली. टेक्सासमध्ये १९७१ साली जे करता आलं, ते चोवीस वर्षांनी, तीच लस हाताशी असून, इथे वेळेवर झालं नाही. जिथे जनावर हा कारखाना असतो, तिथे प्रत्येक न टोचलेलं गाढव माणसाच्या खात्यावर मांडलं जातं.

लाँग आयलंड ते आयोवा, १९९९ ते २००२

ऑगस्ट १९९९. न्यूयॉर्कच्या क्वीन्स भागात म्हाताऱ्या माणसांना मेंदूज्वर होतो आहे. डॉक्टरांना वाटतं, हा सेंट लुईस मेंदूज्वर असणार. ब्राँक्सच्या प्राणिसंग्रहालयातल्या पशुवैद्य ट्रेसी मॅकनमारा यांचा मात्र त्यावर विश्वास बसत नाही. त्यांच्या आवारात कावळे मरून पडतायत आणि मागोमाग पिंजऱ्यातले पक्षी. सेंट लुईसचा विषाणू पक्ष्यांना असा मारत नाही. त्यांनी चिकाटी सोडली नाही, म्हणून सत्य बाहेर आलं: वेस्ट नाइल. १९३७ साली युगांडात सापडलेला विषाणू अमेरिकेत पहिल्यांदा उतरला होता.

त्याच दिवसांत लाँग आयलंडच्या पूर्व टोकाच्या एका तबेल्यात तुम्ही रात्रपाळीला आहात. घोडा उभा आहे, पण त्याच्या नाकपुड्यांभोवतीची कातडी सतत फडफडते आहे. मागचे पाय कापतायत. पुढे चालवायचा प्रयत्न केला तर बसक्या कुत्र्यासारखा मागून बसतो. त्या वर्षी लाँग आयलंडवरचे २५ घोडे या आजाराने ओळखले गेले.

आता तीन वर्षं पुढे. २००२चा ऑगस्ट, आयोवातला मक्याचा प्रदेश. विषाणू डासांत आणि पक्ष्यांत बसून देशभर पसरला आहे. या एका वर्षात १५,००० घोडे आजारी पडणार आहेत आणि आजारी पडलेल्यांपैकी साधारण दर तिसरा मरणार आहे. पशुवैद्याच्या दवाखान्यात फोन थांबत नाहीत. सगळ्यांना एकच हवं आहे. घोड्यांसाठीच्या लसीला ऑगस्ट २००१मध्ये तात्पुरता परवाना मिळाला आहे: मारलेला विषाणू, तीन ते सहा आठवड्यांच्या अंतराने दोन मात्रा, मग दरवर्षी डास सुरू व्हायच्या आत एक. ज्यांनी उन्हाळ्याआधी दिली ते निवांत आहेत. ज्यांनी आज फोन केला त्यांना दुसऱ्या मात्रेपर्यंत थांबायला वेळ नाही.

घोडा वेस्ट नाइलमध्ये पुन्हा बंद गल्ली आहे. त्याच्या रक्तातून डास भरत नाही, शेजारच्या माणसाला त्याच्याकडून काही होत नाही. म्हणून आणीबाणी नाही, विमानं नाहीत, सैन्याच्या शीतगृहातून पेट्या नाहीत. लसीचं बिल मालकाचं.

आणि विज्ञान मात्र इथे धावतं आहे. २००५ साली घोड्यांसाठी वेस्ट नाइलची डीएनए लस मान्य झाली. कोणत्याही प्राण्यासाठी मान्यता मिळालेली ती पहिली डीएनए लस. घोड्यासाठी एक नव्हे, अनेक पर्याय आहेत. माणसासाठी २००२मध्ये एकही लस नव्हती आणि आजही बाजारात एकही नाही. माणसांसाठीच्या लसी सुरुवातीच्या चाचण्यांपर्यंत गेल्या आणि तिथेच अडल्या. माणसांतले रुग्ण विखुरलेले, एका वर्षी या राज्यात तर पुढच्या वर्षी त्या राज्यात. हजारो लोकांवर चाचणी नेमकी कुठे घ्यायची आणि खर्च कोणी करायचा, हे गणित सुटत नाही. घोड्याच्या लसीला हे अडथळे कमी आहेत: परवान्याचे नियम वेगळे, मालक पैसे मोजायला तयार आणि दरवर्षी नव्याने विक्री.

आणखी एक गाठ आहे, ती आयोवातला पशुवैद्य तुम्हाला समजावून सांगेल. न टोचलेला घोडा हा पहारेकरी असतो. तो पडला की आरोग्य खात्याला कळतं, या भागात विषाणू फिरतोय, आता माणसांना सावध करा. मॅसॅच्युसेट्समध्ये १९३८ साली हाच इशारा मिळाला होता. पागेतले सगळे घोडे टोचले की घोडे सुरक्षित होतात आणि इशारा देणारं कोणी उरत नाही. म्हणून आता डासांचे सापळे लावतात, मेलेले कावळे गोळा करतात, कोंबड्यांचं रक्त तपासतात. पहारा बदलला, कारण पहारेकऱ्याला लस मिळाली.

तेव्हा तुम्ही आयोवातल्या पागेत काम करत असाल, तर वसंतातली तुमची यादी अशी: पूर्वीय, पश्चिमी आणि वेस्ट नाइल, तिन्हींची लस वेळेवर, एकही घोडा न सुटता. पाण्याच्या टाक्या आठवड्याला रिकाम्या करून घासायच्या. संध्याकाळी पंखे लावायचे. घोड्याची एवढी काळजी घेऊन झाली की स्वतःच्या अंगाला डासांचं औषध चोपडायचं आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट घालायचा. तुमच्यासाठी याहून चांगलं काही अजून निघालेलं नाही. ते काढायचं की नाही हा घोड्यांचा प्रश्न नाही, माणसांच्या खर्चाच्या क्रमाचा आहे. आणि १९७१ने दाखवलंय, की माणसाला धोका थेट घोड्याकडून असतो तेव्हा तो क्रम एका महिन्यात बदलता येतो.